बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला

तिने ट्रे उन्हाकडे वळवला आणि ओल्या बोटाने मासा आडवा केला. शेपटीचा वरचा कोपरा कातरलेला होता.

"बाबा, आधी इकडे या!"

सासरे दगड चाचपत पाण्यातून आले. मदतनीस रजेवर गेल्यापासून सर्वेक्षणाला तेच तिच्याबरोबर येत. निवृत्तीनंतर घरच्या भिंती बघत बसण्यापेक्षा हे बरं, असं म्हणत. जाळी धुताना मात्र कुरकुरत.

"हा तर तुझा पट्टेवाला."

तळाच्या दगडांना बिलगून राहणाऱ्या, काळ्या पट्ट्यांच्या या बोटाएवढ्या माशाला ते नाव त्यांनीच दिलं होतं. दहादा हाका मारा, हा जागचा हलायचा नाही, म्हणून.

तो हलतो का, हेच तर तिला बघायचं होतं. ओढ्यावरचा जुना, निकामी बंधारा गेल्या वर्षी काढला. बंधारा होता तोवर पट्टेवाले खालच्या अंगालाच सापडत. वर औषधालाही नाही. आता ते वर चढतात का, हे कळावं म्हणून तिने खाली पकडलेल्या प्रत्येकाच्या शेपटीवर ही खूण केली होती. खुणेचा मासा वर सापडला की प्रश्न मिटला. मग पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत, दुसराही बंधारा काढा, ही तिची मागणी सहजी टोलवता आली नसती.

आणि आज ती वरच्या अंगालाच उभी होती. तिने तिथूनच विभागप्रमुखांना फोन लावला.

"खुणेचा?" ते ओरडलेच. "बैठकीत पहिलं हेच सांगायचं! बघू आता कोण नन्नाचा पाडा लावतो."

फोन ठेवून ती खडकावर बसली. सासऱ्यांनी थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला आणि ट्रेमध्ये डोकावून समाधानाने मान हलवली.

"सुधारला की. त्या दिवशी अगदी मेल्यासारखा पडला होता."

"कुठल्या दिवशी?"

"मागच्या महिन्यात नाही का, बादली गाडीत राहिली होती? तू खाली जाळी गुंडाळत होतीस. वर येऊन बघतो तर पाणी हे तापलेलं, मासे तोंड वासून. खाली नेईपर्यंत एक टिकला नसता. इथं सावली होती, दिले सोडून."

"इथं?"

"मग? मासा मरता कामा नये, हे तूच घोकून घेतलं होतंस माझ्याकडून." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काही चुकलं का गं?"

चहाचा कप तिने तसाच धरून ठेवला. खाली खूण केलेले मासे मोजायला बादली इथं वर, गाडीपर्यंत तिनेच आणली होती. नंतर ती रिकामी दिसली, तेव्हा बाबांनी मासे खाली नेऊन सोडले असतील असं ती धरून चालली.

"मीच विचारायला हवं होतं, बाबा. मला वाटलं, खाली सोडलेत."

"खाली काय न् वर काय, पाणी एकच ना?"

तिला हसूच आलं. "माशाला एकच हो. बैठकीला नाही."

त्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग ते खडकाच्या कडेला टेकले. "म्हणजे तुला तोंडघशी पाडलं मी."

"अजून नाही," ती म्हणाली आणि फोन काढला.

सगळं ऐकल्यावर प्रमुखांनी विचारलं, "हा त्याच बादलीतला, हे नक्की?"

"नक्की नाही. पण असू शकतो. तेवढं पुरे."

"कुणाला कळणार आहे, असं मी म्हणत नाही," प्रमुख म्हणाले. म्हणायचं ते म्हणून झालं होतं. मग सुस्कारा ऐकू आला. "बरं. वगळ."

उरलेलं काम तरी उरकायला हवं होतं. सासऱ्यांनी जाळ्याचं दुसरं टोक धरलं आणि ते निमूट चालू लागले. त्यांची कुरकुर नव्हती, त्यामुळे तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. जाळं काठावर ओढलं. पालापाचोळा, दोन-चार झिंगे, नेहमीची चंदेरी मासोळी. आणि जाळ्याच्या कोपऱ्यात आगकाडीहून बारीक काहीतरी वळवळत होतं. तिने ते चमच्याने उचलून बादलीत सोडलं, भिंग धरलं. अंगावर पेन्सिलीने ओढावेत तसे पुसट पट्टे होते.

सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "हा मी आणलेला नाही. शपथेवर सांगतो."

ती पुन्हा पाण्यात उतरली. वाकून तळातले गोटे उचलून पाहू लागली. बंधारा होता तेव्हा इथं गुडघाभर गाळ असायचा. अंडी घातली असती तरी गुदमरली असती. आता गोटे स्वच्छ होते, फटीफटींतून पाणी खेळत होतं. एवढंसं पिल्लू या धारेत वर चढून येणं शक्य नव्हतं. त्याचे आईबाप स्वतः चढून आले की बादलीतून, ते कधीच कळणार नव्हतं. अंडी मात्र इथंच फुटली होती.

तिने पुन्हा फोन लावला.

"आता काय?" प्रमुख म्हणाले. "आणखी एक सापडला? याला कुणी आणून सोडलं?"

"कुणी नाही, सर. हा इथंच जन्मला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांब. नीट सांग. पहिल्यापासून, बादलीसकट."

ती सांगू लागली. सासरे उन्हाकडे पाठ करून, आपली सावली बादलीवर पडेल असे उभे होते. सांगणं लांबत गेलं, तसे तेही ऊन सरकेल तसतसे थोडे थोडे वळत राहिले.