एका आवाजाचा रेडिओ

कॅनडातल्या जेम्स खाडीच्या काठावरच्या त्या क्री आदिवासींच्या गावात चहाचं आधण ठेवायच्या आधी बायका रेडिओ लावायच्या, आणि रेडिओ म्हणजे हॅरिएट ब्लॅकनेड. रोज सकाळी ती क्री भाषेत गावाचे निरोप सांगायची. कोणाची होडी कुठे अडकली, जंगलातल्या तळावर कोणाला कोरडे मोजे हवेत, कोणाकडे रानबदकांचा बेत आहे. गावाची खोड अशी, की ज्याचा निरोप असेल तो घरबसल्या रेडिओलाच मोठ्यानं उत्तर देणार, "हो, ऐकलं!" रेडिओला कान नसतात हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही.

आता रेडिओचं लायसन्स संपत आलं होतं आणि त्यावर दक्षिणेतल्या एका बड्या कंपनीचा डोळा होता. दिवसभर इंग्रजी गाणी वाजवायची, बोलायला माणूसच नको! प्रसारण आयोगाचा नियम मात्र हॅरिएटच्या बाजूनं होता. ज्यांची भाषा दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाही त्यांना आधी संधी. अट एवढीच, की गावातल्या निरनिराळ्या माणसांचे आवाज तिथे ऐकू आले पाहिजेत. सरकारनं केलेल्या मोजक्या शहाण्या कामांपैकी हे एक, असं हॅरिएट सगळ्यांना सांगायची.

सुनावणी गावच्या सभागृहातच होती. झाडून सगळा गाव जमला. कंपनीचा वकील उठून आयोगाच्या अध्यक्षबाईंना म्हणाला, "मॅडम, यांचं आठवडाभराचं रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच बाईचा आवाज! नियमातले ते निरनिराळे आवाज आहेत कुठे?"

हॅरिएटच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा गेला त्या आठवड्यातही तिनं एक निरोप चुकवला नव्हता. पण मेल्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. लोक अडखळतात, खाकरतात, भलतीकडेच हसतात, म्हणून तिनं आजवर माइकला कोणाला हात लावू दिला नव्हता. आता तिच्याच टापटिपीपायी गावाचा रेडिओ हातचा जाणार होता.

"एखादा तुकडा ऐकवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. वकिलानं हौसेनं लावला.

"मिनी," कर्ण्यातून हॅरिएटचा आवाज आला, "तुझा भाऊ म्हणतोय, बदकं भरपूर मिळाली, मीठ पाठव."

"हो, ऐकलं! आधी माझं पातेलं परत कर म्हणावं!" मागून मिनी ओरडली, आणि तिनं जीभ चावून तोंडावर हात ठेवला. सभागृह खो-खो हसलं.

"एबलमामा, होडीत तेल भरलंय. या खेपेला बुडवू नका, असं तुमच्या जावयानं सांगितलंय."

"अरे, एकदाच बुडवली होती!" हॅरिएटचा म्हातारा मामा काठी आपटत उभा राहिला. "अजून किती दिवस तेच उकरून काढणार आहात?"

मग कोणाला धरबंधच राहिला नाही. "तो माझा निरोप!" "हा माझ्या सासूचा!" एकेक जण उठत गेला. रेकॉर्डिंग थांबलं तेव्हा सगळा गाव उभा होता.

"ही माणसं बोलताहेत तरी कोणाशी?" अध्यक्षबाईंनी दुभाष्याला विचारलं.

हॅरिएट ताठ मानेनं पुढे झाली. "रेडिओशी, मॅडम. आवाज माझा, बोलणं यांचं. कंपनीच्या गाण्यांना कधी कोणी उत्तर देतं का, विचारा वकीलसाहेबांना."



लायसन्स गावाकडेच राहिलं. मात्र आयोगानं बजावलं, यापुढे ज्याचा निरोप त्यानंच सांगायचा. हॅरिएटला हे जरा झोंबलं, पण पटलं.

पहिल्या दिवशी तिनं मामांना खुर्चीत बसवलं. "खाकरू नका. माइक तोंडात घालू नका. आणि मामा, होडीची कथा नको."

"जा गं घरी! मोठी आली शिकवणारी."

ती घरी आली. सकाळच्या वेळी आपल्याच स्वयंपाकघरात रेडिओ लावायची तिला सवयच नव्हती. बटण फिरवलं, तर आधी मामांचं खाकरणं ऐकू आलं. तिनं कपाळावर हात मारला.

"पहिला निरोप हॅरिएटला," मामा म्हणाले. "पोरी, आमचे सगळ्यांचे निरोप तू पोचवलेस. तुला मात्र आजवर कोणी निरोप धाडला नाही, चुकलंच आमचं. गावानं सांगितलंय, आम्हाला तुझा फार अभिमान वाटतो. ऐकलंस का गं?"

आधण उकळून चुलीवर सांडत होतं. हॅरिएटनं डोळे पुसले आणि शेजारणीलाही ऐकू जाईल अशी ओरडली, "हो मामा, ऐकलं!"