बॅटरीवरचं नाव

…अंगठा घसरला. बटणाच्या जरा खाली, जिथं तो इतकी वर्षं न सांगता जाऊन टेकायचा, तिथं आज नुसतं गुळगुळीत लागलं — गार, नितळ, किंचित तेलकट — आणि तात्यारावांनी बॅटरी पटकन टेबलावर ठेवून दिली. दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलावी आणि तेवढ्यात कुणीतरी खाकरावं, तसं झालं. मग पुन्हा उचलली. अंगठा वर नेला, खाली नेला, आडवा फिरवला. नाही. नाव नाही.

दोन सेलची पितळी बॅटरी. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत पहाटे पेठांतल्या बोळाबोळांतून व्हॉल्व्ह फिरवत हिंडायचं, तेव्हाची. चौकीत सगळ्यांच्या बॅटऱ्या एकसारख्या आणि उचलेगिरीही सगळ्यांची एकसारखी, म्हणून प्रेमलानं नव्या संसाराची पातेली घेताना, भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसापुढं ही पण सरकवली होती. "ह्यांचं नाव घाला, माझं नको. ही काही मी वापरणार नाही." त्यानं छिन्नी धरून टकटक केलं आणि ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटलं — ता. ग. ओव्हाळ. त्या ठिपक्यांवर अंगठा घासत किती पहाटा गेल्या! आणि आता तिथं काही नाही. चकाचक.

संजयनं नेली होती. "बाबा, हिच्यापेक्षा उदबत्तीचा उजेड बरा. द्या इकडं." हिंजवडीच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून पोराच्या हातांना खाज सुटत असावी, आठवडाभर जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा वास. बाहेरदेशातून मागवलेला एलईडी आत बसवला, तो तापू नये म्हणून लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा तुकडा कातून आणला, आणि मग वरून भोसरीत निकेल चढवून घेतलं. काल संध्याकाळी आला तो हसतच. बटण दाबलं. समोरची भिंत पांढरीफटक झाली.

"बघा! दिसतंय ना आता?"

आता. आता म्हणजे काय? आधी दिसत नव्हतं, असं ह्याला कुणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं…

कुणालाच सांगितलं नव्हतं. जिकडं बघावं तिथंच मधोमध मळकट डाग. समोरच्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा मात्र पुसलेला. दाराची चौकट सरळ असायची सोडून मध्येच पोक काढायची. गणपतीच्या आधी ते एकटेच जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले होते. घरी सांगितलं, पेन्शनच्या कामाला गेलो होतो. डॉक्टर तरुण होता, गोड बोलत होता. "काका, कडेचं दिसत राहील. मधलं गेलं ते आता परत येणार नाही. गाडी मात्र आजपासून बंद." बंद! तुझ्या बापाची आहे का गाडी? रविवारी प्रेमलाला मागं बसवून स्वारगेटवरून मार्केट यार्डात जायचं, आठवड्याची भाजी आणायची — सगळं सुटल्यावर हाताशी राहिलेली ही एकच गोष्ट. ती गेली की उरतं काय? सुनेनं सांगितलेल्या वेळेला चहा प्यायचा आणि मुलगा नेईल तेव्हा बाहेर जायचं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्यांनी डॉक्टरांच्या जिन्यातच ठरवून टाकलं होतं.

आणि आज रविवार. आतल्या खोलीतली प्रेमलाची वंदना संपली होती, पिशव्या झटकल्याचा आवाज येत होता. आता कुठल्याही क्षणी ती 'चला' म्हणणार.

बॅटरी बदलली असणार. हल्ली काय, तसलीच दुसरी आणायची, चकचकीत करायची आणि द्यायची म्हाताऱ्याच्या हातात. कळतंय का बघू या! कळलं नाही, तर समजायचं की दिसत नाही. आणि ओरडायचीही सोय नाही ठेवलेली… 'नाव कुठं गेलं' म्हणून विचारावं, आणि ते बाजूलाच कुठं तरी ठळक कोरलेलं असावं, आणि घरच्यांनी म्हणावं, अहो बाबा, हे काय, समोर तर आहे! झालं. सापडलोच. पोरगा हुशार आहे, शंकाच नाही; पण मीही चौकीत आयुष्य काढलंय.

सून शर्मिला चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवताना तिनं त्याचा कान उजवीकडं वळवला. रोज वळवते. का वळवते?

"चमकतीये बरीच," ते सावधपणे म्हणाले.

"हो ना. पण नाव गेलं हो बाबा. पॉलिशवाल्यानं आधी बफ मारला, त्यात घासून निघालं. संजयच्या लक्षातच आलं नाही सांगायचं. परवा घेऊन आला तेव्हा इतका हळहळला, तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणाला. मग आई म्हणाल्या, असू दे, मी बघते काय ते, आणि काल दुपारी ती घेऊन बाहेर गेल्या."

"असं होय," तात्याराव म्हणाले.

ती गेली. उत्तर जरा जास्तच तयार होतं. न विचारता एवढं कोण सांगतं? आणि प्रेमला काय बघणार आहे? तिला सेल कुठून घालतात ते तरी माहीत आहे का?

एक खूण होती. ती कुणालाच माहीत नव्हती. त्यांनी बॅटरी आडवी धरली, बुडाचं झाकण फिरवलं, सेल मांडीवर ओतले आणि झाकणाच्या आतल्या स्प्रिंगवर बोट ठेवलं. टोक डावीकडं वाकडं. एका पावसाळ्यात, सेल हलून उजेड लुकलुकायला लागला म्हणून त्यांनीच पकडीनं वाकवलं होतं, आणि वाकवताना बोटाचं कातडंही निघालं होतं. म्हणजे — आपलीच. पोरानं बदललेली नाही. उगाच… सकाळपासून उगाचच त्याला मनातल्या मनात चोर ठरवला. त्यांना लाज वाटली. मोकळंही वाटलं. झाकण परत लावायला त्यांनी तळव्यात उलटं घेतलं, आणि तळव्याला काहीतरी टोचलं.

ठिपके. झाकणाच्या बाहेरच्या अंगाला. नवे, खोल, एरवीपेक्षा मोठे. अजून कडा बोथट झाल्या नव्हत्या.

त्यांनी डोळे मिटले. नाहीतरी उघडून काय उपयोग होता! बोट हळूहळू सरकवलं. नाव नव्हतं. आकडे होते, दोन ओळींत. नऊ, मग आठ… मधले काही नीट लागेनात… आणि अगदी शेवटी दोन गोल, शेजारी शेजारी. दोन शून्यं. आईच्या लक्षात राहावा म्हणून संजयनं दुकानात भांडून मिळवलेला नंबर. प्रेमलाचा मोबाईल.

बॅटरीवर कुणी फोन नंबर घालतं का? ज्याची वस्तू, त्याचं नाव घालतात. नंबर घालायचा तो… हरवणाऱ्यासाठी. रस्त्यात कुठंतरी गोंधळून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या हातातली बॅटरी कुणी तरी घेईल, उलटी करील, आणि फोन लावील म्हणून. आणि आकडे एवढे मोठे, खोल… बोटाला लागावेत म्हणून.

म्हणजे तिला ठाऊक आहे.

केव्हापासून? तात्यारावांच्या कानांत एकदम स्कूटरचा आवाज सुरू झाला आणि त्यावरून तिचा. जन्मभर मागं मुकाट बसणारी, पदर सावरत पिशवी धरून बसणारी ही बाई, दिवाळीपासून अखंड बोलायला लागली होती. अहो, डावीकडून घ्या, टेंपो उभाय. हळू हळू, शाळेची पोरं चालली आहेत. सिग्नल लागलाय, कुठं निघालात! त्यांना वाटलं होतं, वयानं जीभ सुटली. एकदा स्वारगेटच्या चौकात ते खेकसलेही होते, "मला डोळे आहेत!" आणि ती मागून शांतपणे म्हणाली होती, "हो ना. म्हणून तर सांगतेय."

म्हणून तर सांगतेय. वा! काय बेमालूम बनवलं मला. राग आला, असा आला की कानशिलं तापली. सगळ्यांनी मिळून… नाही, सगळ्यांनी नाही. तिनं एकटीनं. पोराला सांगितलं असतं, तर त्यानं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती.

आणि मग राग जिथं होता तिथंच अडकला. कारण तिला ठाऊक होतं आणि तरी ती बसत होती. दर रविवारी. एका बाजूला पाय सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, त्या स्वारगेटच्या गर्दीतून… बसच्या चाकांपासून हातभर अंतरावरून. मी माझं गुपित जपत होतो, आणि ती कशावर बसत होती? आज ना उद्या आपटलो असतो, तर हा नंबर लावूनही काय उपयोग, फोन तिच्याच पिशवीत शेजारी वाजत राहिला असता. एवढं तिला कळत नाही असं नाही. म्हणजे हा नंबर स्कूटरवरच्या माणसासाठी घातलेलाच नाही. हा पायी चालणाऱ्यासाठी आहे. एकट्यानं बाहेर पडणाऱ्यासाठी. ती मला घरात बसवणार नव्हती… की हेही मीच माझ्या सोयीचं बनवतोय? हल्ली माझं मलाच खरं वाटत नाही.

त्यांनी सेल आत टाकले. झाकण घट्ट फिरवलं. आटे एकदा चुकले.

दारात चपला वाजल्या. प्रेमला उभी होती. तिच्याकडं पाहिलं तर साडीचा काठ दिसला, पिशव्यांचे बंद दिसले, आणि वर मळकट काहीतरी. तात्यारावांनी नजर कॅलेंडरकडं नेली, तेव्हा कुठं कडेला तिचा चेहरा आला. ती त्यांच्या हातातल्या बॅटरीकडं बघत होती. मग त्यांच्याकडं. किती दिवसांनी दिसला हा चेहरा… थकलेला होता. आणि ते कॅलेंडरकडं का बघतायत, असं तिनं विचारलं नाही.

"झाली वाटतं बघून बॅटरी," ती म्हणाली.

"झाली."

"मग? किल्ली घेतलीत ना?"

किल्ली खिशातच होती. ती नुसतं किल्लीचं विचारतेय, की मी नको म्हणायची वाट बघतेय? आजवर त्यांना एकच भीती होती, हे कुणाला कळण्याची. तिच्या जिवाची भीती आज पहिल्यांदाच वाटली.

"घेतली," तात्याराव म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.