गाठ मारलेली टेप

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मापाची. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. एके काळी मी पिवळीधमक होते, आता म्हाताऱ्याच्या दातांचा रंग आला आहे. एका टोकाची पितळी पट्टी गेली आणि मधोमध एक सुरकुती पडली आहे. ती वयाची नाही. ती कशी पडली तेच सांगायला बसले आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून माझी कीव करू नका. मी अजून कामावर आहे.

माझं शिक्षण फार नाही. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर कापडाची पट्टी रोगण लावून वाळवली, छाप्याखाली घातली, एका बाजूला एक ते साठ आणि दुसऱ्या बाजूला एक ते दीडशे आकडे उमटवले. झाली शाळा. अक्षर एकही आलं नाही. पण जेवढं आलं तेवढं पक्कं. माणसं थंडीत एक बोलतात आणि उन्हात दुसरं. मी दोन्ही ऋतूंत तेच बोलते.

मला विकत घेतलं ते एका शिंपीणबाईने. ती शर्ट, पँट आणि शाळेचे गणवेश शिवायची. समोरच तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. आपटलेल्या मोटरसायकली त्याच्याकडे यायच्या आणि त्यांच्यावरून पडलेल्यांची फाटकी जॅकेटं हिच्याकडे. रफू करता करता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्याचं जॅकेट अंगाबरोबर बसलेलं, त्याचं कापड फाटायचं पण कोपर शाबूत राहायचं. ज्याचं ढगळ, त्याच्या बाहीतलं जाड पॅड पडताना फिरून दंडावर जायचं आणि कोपर सोलून निघायचं. महागा-स्वस्ताचा त्यात फारसा संबंध नव्हता. भारी जॅकेटवाले हात गळ्यात बांधून यायचे आणि साध्या जॅकेटवाले हात हलवत.

मग तिने गणवेश बंद केले आणि त्याच खोलीत मोटरसायकलवाल्यांचं सामान ठेवलं: हेल्मेट, जॅकेट, हातमोजे. सगळं साध्या माणसाच्या खिशाला झेपेल असं. दुकानाचा नियम एकच होता, आधी माप, मग माल. मधोमध एक इंजिन नसलेली मोटरसायकल उभी केली होती. तिला सगळे घोडा म्हणायचे. गिऱ्हाइकाने जॅकेट घालून घोड्यावर बसायचं आणि हात लांब करून मूठ धरायची. आरशापुढे उभ्या उभ्या सगळेच राजबिंडे दिसतात. बसल्यावर बाही वर सरकते, पाठ उघडी पडते आणि खरं काय ते कळतं.

डोक्याचं माप माझं. भुवयांच्या जरा वरून निघायचं, कानांवरून जाऊन मागच्या उंचवट्याला वळसा घालायचा आणि परत कपाळावर यायचं. मी मोठमोठी डोकी मोजली आहेत. आत काय असतं ते मला माहीत नाही, पण बाहेरून एवढा गर्व करण्यासारखं कोणातच नव्हतं. ‘मला सगळ्यात मोठं द्या’ म्हणत आलेला पैलवान मधल्या मापात मावायचा आणि काडीसारखा मास्तर मोठं घेऊन जायचा. लोक म्हणायचे, बाई एक वेळ गोड बोलेल, तिची टेप नाही बोलायची. मला ते आवडायचं. का आवडू नये?

पुढे शिंपीणबाईचे गुडघे बोलू लागले. तिने गल्ला सुनेच्या हाती दिला आणि स्वतः आतल्या अंगाला मशीन घेऊन बसली. ‘देऊन टाकलं की ढवळाढवळ करायची नाही’ असं म्हणाली आणि तसं वागली. सूनबाई वाईट नव्हती. झटपट होती. तिचा सगळा कारभार अक्षरांवर चालायचा, एस, एम, एल. गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचं, अक्षर ठरवायचं, खोका काढायचा. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमच्या पोटात जातो, हे अक्षरांना कोण विचारणार? घोड्यावर खोके रचले गेले. मी खिळ्यावर गेले. कधी मला आपटून माशी मारायची, कधी खडखडणारी खिडकी बांधायची. ज्या अंगाने मी माणसं मोजली, त्या अंगाने खिडकी धरून बसले.

अशातच एक दिवस एक आई आपल्या थोरल्या लेकीला घेऊन आली. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम होती. लेकीला नवीन काम लागलं होतं, दवाखान्यादवाखान्यातून रक्ताच्या नळ्यांची पेटी उचलायची आणि मोटरसायकलने प्रयोगशाळेत पोचवायची. स्वतःचं हेल्मेट आणि जॅकेट असल्याशिवाय रुजू व्हायचं नाही, अशी तिथली अट.

“वडिलांच्या मापाचं दाखवा,” आई म्हणाली.

“चालवणार कोण?” सूनबाईने विचारलं.

“ही. पण घरात गाडी एक. एका वेळी एकच जण चालवणार, मग हेल्मेटं दोन कशाला? मोठं घेतलं की हिच्या बाबांना, धाकट्याला, हिला, सगळ्यांना होतं. लहान घेतलं तर एकटीलाच.”

“आई, सैल होईल गं,” लेक म्हणाली.

“पट्टा कशाला दिलाय? आमच्याकडे पेशंटचे झगे एकाच मापाचे. नाडी ओढली की पहिलवानालाही होतात आणि पोरालाही. आणि हे बघ, एकदा जरी पडलीस तर गाडीची किल्ली माझ्याकडे. काम गेलं तरी चालेल, हात-पाय गेलेले चालायचे नाहीत.”

आतलं मशीन क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं. सूनबाईने मोठं हेल्मेट आणि तसंच मोठं जॅकेट खोक्यात भरलं. सुतळी संपली होती. तिने हात वर केला, मला खिळ्यावरून ओढलं, खोक्याभोवती दोन वेढे दिले आणि माझ्या पोटाशी करकचून गाठ मारली.

मित्रांनो, मला ताणलं आहे, दाराच्या फटीत चिरडलं आहे, चहात बुडवलं आहे. गाठ कोणी मारली नव्हती.

त्या घरात मला कोणी सोडलं नाही. खोक्यावरून सरकवून काढलं आणि दारामागच्या खुंटीवर हेल्मेटच्या शेजारी अडकवलं. तिथून सगळं दिसायचं. लेक सकाळी निघायची तेव्हा हेल्मेट तिच्या डोक्यावर पातेल्यासारखं डुगडुगायचं. बाहीचं टोक बोटांवर यायचं. पण तोंडावर असा आनंद की मी सैलपणा मोजायची विसरायचे. संध्याकाळी तेच हेल्मेट बाबा घालून जायचे. त्यांना ते बरोबर बसायचं. म्हणजे माल वाईट नव्हता. डोकं दुसऱ्याचं होतं, एवढंच.

एका संध्याकाळी ती आली ती गाडी अंगणाच्या कडेला लावून हळूच आत शिरली. डाव्या कोपराचं कातडं निघालं होतं. नळाखाली हात धरला, दात आवळले आणि वरून लांब बाह्यांचा शर्ट घातला. धाकट्या भावाने पाहिलंच.

“कशी पडलीस?”

“पडले नाही, भिंतीला घासले. वळताना मागून ट्रक येतोय का बघायला मान वळवली. मान वळली, हेल्मेट वळलंच नाही. आत नुसता अंधार.”

“आईला सांगू?”

“सांग. मग क्लासच्या वेळेला तू कुठे असतोस ते मीही सांगते.”

भाऊ जेवायला गेला. लेकीने मला खुंटीवरून काढलं आणि गाठीसकट डोक्याभोवती धरून बघितलं. गाठ मध्ये असताना मी काय सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा मला खरं सांगता येईना. तिने मला परत अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच हेल्मेट घालून कामावर गेली. बोलली असती तर काम जाणार, न बोलली तर कधीतरी ट्रक खरंच मागे असणार. असा तो पेच होता आणि तो तिच्या एकटीच्या डोक्यावर होता.

मी सुटले ती आईच्या मानीपणामुळे. सुट्टीच्या दिवशी जाळी झाडताना तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ही त्या दुकानाची टेप ना? लोकांची वस्तू आपल्या घरात नको. चल, देऊन येऊ.” लेक लगेच उठली. “हेल्मेट आणि जॅकेटपण घेते, पट्टा दाखवायचा आहे,” म्हणाली.

दुकानात शिंपीणबाई मशीनवर होती. तिने मला हातात घेतलं आणि गाठ बघितली.

“टेपेला गाठ कोणी मारली?”

“सुतळी संपली होती,” सूनबाई म्हणाली.

शिंपीणबाईने सुई उचलली. सुईच्या टोकाने एकेक पदर सोडवत राहिली. ओरडली असती तर सूनबाईला बरं वाटलं असतं.

आई टांगलेले हातमोजे बघत होती तेवढ्यात लेक मशीनजवळ वाकली. “आजी, याच्या आत थोडा कापूस भरून द्याल?”

“कशाला?”

“थंडी वाजते.”

“कापूस भरला तर थंडी जाईल, हेल्मेट बसायचं नाही. इकडे ये.”

मी तिच्या डोक्याभोवती फिरले. हेल्मेट दोन मापांनी मोठं होतं. मग दंड, मग कोपर. कोपरावर शर्टाच्या बाहीतूनही माझ्याखाली खडबडीत खपली लागली आणि पोरीने श्वास आत ओढला. शिंपीणबाईने तिच्याकडे बघितलं. पोरीने जमिनीकडे.

“सूनबाई, घोडा मोकळा कर,” शिंपीणबाई म्हणाली. देऊन टाकल्यानंतर पहिल्यांदाच तिने हुकूम सोडला होता. खोके खाली आले. “ताई, जरा बसा यावर.”

“मी? मला कुठे गाडी येते?”

“घोड्यालाही येत नाही. बसा.”

बसण्याआधी माझा एक वळसा आईच्या डोक्यालाही पडला. “डोकं लेकीने तुमचंच घेतलंय,” शिंपीणबाई म्हणाली, “मापाने तरी.” मग तेच हेल्मेट आईच्या डोक्यावर ठेवून पट्टा आवळला. “हात पुढे घ्या, मुठी धरा. समोर बघा. दिसतंय?”

“स्वच्छ दिसतंय. चांगलं आहे की.”

“आता नुसती मान वळवा आणि सांगा, तुमची लेक कुठे उभी आहे.”

आईने मान वळवली. हेल्मेट समोरच बघत राहिलं.

“अहो, इथे अंधार आहे.”

“तिला रोज असतो.”

आई लगेच हेल्मेट काढेल असं वाटलं होतं. तिने काढलं नाही. मुठी तशाच धरून ती बसून राहिली. आतून आवाज आला, “पडलीस का गं?”

“नाही. टेकले भिंतीला.”

“हात दाखव.”

लेकीने बाही वर केली. मग खिशातून गाडीची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. ठरलं होतं तसं.

आईने हेल्मेट उतरवलं. केस विस्कटले होते, तिने नीट केले नाहीत. “आमचे झगे सगळ्यांना होतात,” ती म्हणाली, पण स्वतःशीच.

“झगा घालून पेशंट झोपतो, ताई,” शिंपीणबाई म्हणाली. “ही चौकातून जाते.”

आईने किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. लेकीचे डोळे भरून आले. आई मग तिच्याकडे न बघता म्हणाली, “उद्या सकाळी डोक्यावर तुझ्या मापाचं दिसलं तर मिळेल. उभी काय राहिलीस? डोकं दे त्यांना.”

मग काम सुरू झालं. लेकीला ज्वाळांचं चित्र असलेलं हेल्मेट आवडलं होतं. शिंपीणबाईने त्याच मापाचं, तेवढंच मजबूत, पण बिनचित्राचं काढलं. “चित्राचे पैसे वेगळे पडतात. ट्रकवाल्याला चित्र दिसत नाही.” लेक म्हणाली, गाल दाबले जातात. “दाबू देत, वापरून बसेल. कपाळ दुखलं तर लहान म्हणायचं, गाल दाबले तर बरोबर. आता डोकं हलव.” डोकं हललं तसं हेल्मेट हललं. मान वळवली तशी काचही वळली, आणि काचेत आई होती.

जॅकेट बदलावं लागलं नाही. घोड्यावर बसवून शिंपीणबाईने मला खांद्यापासून मनगटापर्यंत लावलं, बाह्या आणि बाजू आत घेतल्या, पॅड नेमकं कोपरावर शिवून टाकलं. जुनं हेल्मेट बाबांचं झालं, ते त्यांचंच होतं.

निघताना आईने माझ्याकडे बोट दाखवलं. “ही एक दिवस द्याल? धाकट्याचं डोकं घरी मोजून ठेवते. त्याला आणायचं म्हणजे बैल ओढून आणण्यासारखं आहे.” सूनबाईने मला उचललं. मी मनाची तयारी केली. पण तिने माझी गोल गुंडाळी केली आणि आईच्या हातात दिली. नव्या खोक्यासाठी ती शेजारच्या दुकानातून सुतळी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातून किल्ली नव्या हेल्मेटबरोबर बाहेर गेली, आणि मी दुकानात परत आले.

आता घोड्यावर खोके नसतात. सूनबाई अक्षरं अजून बोलते, पण आधी मला खाली काढते. माप घेण्यापूर्वी माझ्या सुरकुतीवरून एकदा अंगठा फिरवते. ती तिची माफी असावी. मी आकडा तेवढा सांगते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. महाग घ्या नाहीतर स्वस्त घ्या, ते तुमच्या खिशाने ठरवावं. पण डोकं ज्याचं, माप त्याचं. घोडा नसेल तर घरच्या खुर्चीवर बसा, हात पुढे करा आणि मान वळवून मागे बघा. तुमची माणसं दिसली तर घ्या. नाही दिसली तर ठेवून द्या. आणि माझ्या जातीची एखादी तुमच्या घरात असेल, तर तिला गुंडाळून ठेवा. बांधायला सुतळी मिळते.