गाणं चालू असताना

गुडघ्याच्या दुखण्याने महिनाभर रजेवर होते. परत आले तर माझ्या सातवीच्या वर्गात टेबलावर स्पीकर. माझ्या जागी आलेला बदली शिक्षक, नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं, मुलांना गणितं देऊन गाणी लावायचा म्हणे. राग आलाच. पण त्याहून जास्त राग आला तो चाचणीचे गुण बघून. माझ्या हाताखाली अर्धा वर्ग नापास, आणि त्याच्या एका महिन्यात सगळे पास.

"बाई, पुढच्या चाचणीतही हेच गुण दिसू देत," मुख्याध्यापक म्हणाले. "नाहीतर सातवी त्यालाच देतो."

बावीस वर्षं खडू झिजवून हे ऐकायचं.

म्हटलं, गाणी तर गाणी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर अपूर्णांकांची दहा गणितं लिहिली, स्पीकर सुरू केला आणि नेहमीसारखी बाकांमधून फिरू लागले. "छेद आधी सारखे कर. समास सोड. अरे, वर काय बघतोस, उत्तर छतावर लिहिलंय का?" वीस मिनिटांनी वह्या पाहिल्या. कुणाची तीन झालेली, कुणाची दोनच. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"बघितलंत? गाण्यांनी काही होत नाही."

पहिल्या बाकावरची चष्मेवाली चाचरत म्हणाली, "बाई, सरांचा नियम होता. गाणं चालू असताना कुणीच बोलायचं नाही."

"मग? बोललं का कुणी?"

मागून आवाज आला, "सरसुद्धा नाही बोलायचे."

अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा गाणं लावलं आणि खुर्चीत बसले, तोंडाला कुलूप लावून. चष्मेवालीने छेद चुकीचा घेतला, मला बसल्या जागेवरून दिसत होतं. जीभ नुसती वळवळत होती. मी दात आवळले. ती थांबली, पेन्सिल चावली, खोडलं आणि बरोबर लिहिलं. मागच्या बाकांवरही सगळ्या माना खाली. दहाच्या दहा गणितं होत होती आणि माझी कुणाला आठवणही नव्हती. इतका अपमान मुख्याध्यापकांनीही केला नव्हता.

मग लक्षात आलं, स्पीकर कधीचाच बंद पडलाय. चार्जिंग संपलं होतं. एकाही पोराला पत्ता नव्हता.

ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.