बर्फातून आलेला नमुना

मित्रांनो, बीडमधल्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या कपाटात खालच्या फळीवर पडून असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या साक्षीवरून एकदा एक चांगली गाय बाजारात निघाली होती. ती हकिगत सांगतो, जरी तिच्यात माझी बाजू फारशी अभिमानाची नाही.

अंबाल्याच्या एका कारखान्यात मी तयार झालो. पितळी नळी, लोखंडी पाय, तीन भिंगे आणि खाली उजेड वर फेकणारा गोल आरसा, एवढाच माझा संसार. डॉ. विमल ओव्हाळ यांनी मला खोक्यातून काढले आणि पुढे एकतीस वर्षे रोज मऊ कापडाने पुसले. जनावरांच्या शरीरातले परोपजीवी आणि त्यांचा प्रजननावर होणारा परिणाम हा त्यांचा विषय. शेळ्यांचे जंत, म्हशींच्या पोटातले कृमी, तलवाड्याच्या डबक्यांतल्या गोगलगाई, सारे माझ्याखालून गेले. ‘विमलबाईंचा डोळा’ म्हणून माझे कौतुकही झाले.

बाहत्तरच्या दुष्काळात केजजवळच्या एका गावाची जनावरे छावणीत राहिली. पुढे पाऊस झाला, वैरण आली, गाईंनी अंग धरले. पण त्या गाभण राहिनात. गावात नुकतीच दूध सोसायटी निघाली होती. तिचे सचिव अर्जुनराव यांनी गाईंच्या गर्भमार्गातील स्रावाचे नमुने तीनदा पाठवले. तिन्ही वेळा काचपट्टीवर काहीच हलले नाही. विमलबाईंनी लिहून दिले: ‘परोपजीवी नाहीत. उपासमारीचा परिणाम असावा.’

मग एके दिवशी सिंधुबाई एसटीने थेट प्रयोगशाळेत आल्या.

“बाई, माझी गाय पाच बारी उलटली, गाभच धरंना. तुमचा कागद म्हनतो रोग न्हाई. घरचे म्हनत्यात, रोग न्हाई म्हंजी गायच भाकड. येत्या बाजारी इकत्यात तिला. हातानं वाढवल्याली हाय वो!”

“नमुना इथपर्यंत येतो कसा?” विमलबाईंनी विचारले.

“दुधाच्या गाडीत. अर्जुनराव लई जपत्यात. नासू नये म्हनून बर्फात ठिवत्यात.”

विमलबाईंनी आपले तिन्ही अहवाल पुढे ओढले. दूध बर्फात टिकते. पण त्या शोधत होत्या तो एकपेशीय जीव शरीराच्या उबेत जगतो, गारठ्यात थंडावतो आणि मरतो. आणि त्याची ओळख पटते ती हालचालीवरून. आम्ही तीनदा त्याची प्रेते पाहिली होती आणि तो नाहीच, असे सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी एसटीत विमलबाईंच्या मांडीवर बसून मी त्या गावी गेलो. सोसायटीच्या टेबलावर त्यांनी माझा आरसा आभाळाकडे वळवला. छावणीत आणि नंतरही सगळ्या गाईंना लागलेला वळू एकच होता. गावच्या म्हाताऱ्या कारभारींनी देवाच्या नावाने सोडलेला. त्याच्या शरीरातून घेतलेला नमुना कोमट पाण्याच्या तांब्यात नळी उभी करून आणला गेला. या वेळी काचपट्टी जिवंत होती. पेरूसारखे एका टोकाला निमुळते जीव झटके देत धावत होते.

“देवाच्या वळूत खोट काढता व्हय?” कारभारी गरजले. “त्याला आजवर कुनी दावं लावलं न्हाई.”

“आबा, आधी बघा. मग भांडा,” विमलबाई म्हणाल्या.

कारभारींनी एक डोळा मिटला. “आयला! लईच वळवळतंय. यास्नी कुठं जायाची घाई हाय एवढी?”

“वळूला त्यांचा त्रास नाही. पण तो लागला की ते गाईत जातात आणि तिचा गर्भ टिकू देत नाहीत. वळू देवाचाच राहू द्या. फक्त गाईंपासून लांब राहू द्या.”

“मळ्यात कुंपन घालतो. दावं न्हाई लावनार.”

“दावं मी मागितलंच नाही.”

“बर्फ मीच घातला वो,” अर्जुनराव पुटपुटले.

“आणि मी विचारलं नाही. ती चूक मोठी,” विमलबाई म्हणाल्या.

सिंधुबाईंच्या गाईला तीन महिने वळूपासून विसावा मिळाला आणि तेवढ्यात ते जीव आपोआप नाहीसे झाले. मग सोसायटीने कृत्रिम रेतन केले आणि ती गाभण राहिली. एका गाईवरून निष्कर्ष काढू नये म्हणून विमलबाईंनी सोळा गाईंची नोंद ठेवली, अकरा व्याल्या. शोधनिबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी आपले तिन्ही चुकीचे अहवाल छापले. वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी ते वगळायला सुचवले होते. त्यांनी वगळले नाहीत.

आता विजेच्या दिव्याचे सूक्ष्मदर्शक आले आहेत. विमलबाई निवृत्त झाल्या, आणि कपाटातल्या ओलीने माझ्या भिंगांवर बुरशी धरली आहे. मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, भिंगाला बोट लावू नका. हे केवळ स्वतःच्या काळजीपोटी सांगत नाही. मळक्या भिंगातून पाहून उद्या कोणी ‘काही नाही’ असे लिहिले, तर पुन्हा एखादी गाय बाजाराची वाट धरेल. म्हणून ‘दिसले नाही’ एवढेच लिहा, आणि त्याआधी नमुना कसा आला ते विचारा.

गाय व्याली तेव्हा सिंधुबाईंनी पहिला चीक प्रयोगशाळेत पाठवला होता. अर्जुनरावांनी तो बर्फात ठेवला होता. विमलबाईंनी झाकण उघडून पाहिले आणि म्हणाल्या, “आता बरोबर.”