धोंडप्पाची चढाई

"ढोपरं आमची फुटायची, आन् हार ह्यांच्या गळ्यात पडायचा," बिरदेव पुटपुटला. चुलीपाशी बसलेल्या शिवकांताला ऐकू जाईल आणि ओसरीवरच्या धोंडप्पाला जाणार नाही, अशा बेतानं पुटपुटला.

शिवकांतानं हळद-तेलाची वाटी पुढं सरकवली. "काय म्हणलास रं, बिरदेवा?"

"काय न्हाय, वैनी. हळद लई झोंबती म्हणलं."

"झोंबणारच. भेसळीची न्हाय ती."

बिरदेवानं मान खाली घालून ढोपराला तेल चोळलं. जळकोटच्या हुतूतूच्या संघात खरा खेळणारा गडी हा एकटाच. बाकीचे जेवणारे. सामन्याच्या दिवशी चाळीस भाकऱ्या थापाव्या लागत, म्हणून शिवकांताला कुणाचा दम किती हे नीट ठाऊक होतं. पाच भाकऱ्या रिचवून जांभया देणारा चढाईला कसा जातो, हे सांगायला मैदानावर जावं लागत नाही.

आणि ओसरीवर बसलेला तिचा नवरा, संघाचा कप्तान. वय चाळीस, पोट एक पाऊल पुढं, मिश्या दोन पावलं. तालुक्यातली चार गावं एका गटात खेळत. त्यातली दोन दरवर्षी हरायला येत आणि जेवून परत जात. खरी झुंज जळकोट आणि तामलवाडीची. गटात पहिला येणारा संघ धाराशिवला जिल्ह्याच्या सामन्यांना जाई. तिथं जिल्ह्याचे मोठे अंमलदार, तालुकदारसाहेब, शामियान्यात बसत, जिंकणाऱ्याला स्वतःच्या हातानं पागोटं बांधत. जळकोटचा संघ ओळीनं तीन वर्षं धाराशिवला गेला होता आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात आपटून आला होता. आल्यावर महिनाभर गावाला शामियान्याचं वर्णन ऐकावं लागे. हरल्याचं कुणी विचारलंच तर धोंडप्पा म्हणे, "तिथला पंच पोलीसखात्यातला. त्याला देवधर्म काय कळतो?"

ते मात्र खरं होतं. धोंडप्पाच्या खेळात देवधर्माचं काम मोठं होतं. तो उघड्या अंगानं चढाईला जाई. छातीवर शिवदाऱ्यात, म्हणजे गळ्यातल्या सुती दोऱ्यात, इष्टलिंगाची चांदीची डबी, करडगी, लोंबत असे. समोरच्यांनी पाय धरला, कंबर धरली, की तो म्हणे, "देव सांभाळा रे." लगेच सगळ्यांचे हात सुटत. दोरा तुटून देव मातीत पडला तर ते पाप कुणाच्या माथी? लिंगायतांची पोरं भीत, त्याहून मराठ्यांची आणि धनगरांची जास्त भीत. मग धोंडप्पा दोन-तिघांना टपल्या मारून सावकाश परत येई, देवदर्शन करून आल्यासारखा.

आता हुतूतूत एका दमात हुतूतूच म्हणायचं असतं. मध्ये दुसरा शब्द आला की दम सुटला, गडी बाद. हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं. पण शाळेचे शरणबसप्पा मास्तर पंच असत, आणि धोंडप्पा चढाईला निघाला की त्यांना आभाळ बघायची आठवण होई. ऐन फाल्गुनात ते ढग शोधत.

शिवकांताला ह्या सगळ्याचं हसू आलं असतं, पण त्यात तिचं माहेर अडकलं होतं.

तिचा धाकटा भाऊ वीरप्पा तामलवाडीकडून खेळायचा. तीन वर्षांमागं पाडव्याला ती नवऱ्यासंगं माहेरी गेली होती. पंगतीत वीरप्पा एवढंच म्हणाला, "दाजी, तुमच्या चढाईला देवाची लई किरपा हाय." धोंडप्पा अर्ध्या पोळीवरून उठला. हात धुतल्यावर म्हणाला, "तामलवाडीनं एकदा आमाला हरवावं, मग बहिणीला न्यायला यावं." तेव्हापासून माहेर बंद. गाडीनं एका दिवसाची वाट, पण हुतूतूच्या रेघेपलीकडं गेलेली. आई, सिद्धम्मा, डोळ्यांनी अधू होत चालली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानाबरोबर तिचा निरोप येई. औंदाचा निरोप असा होता : "दिसतंय तवर येऊन जा. मग आलीस तरी हातानं चाचपून बघाय लागंल."

शिवकांतानं तो निरोप नवऱ्याला सांगितला होता. तो म्हणाला, "मग भावाला म्हणावं, जिंक."

आणि भाऊ तरी कसला. एरवी बैलासारखा गडी, एका हातानं माणूस अडवणारा. दाजी समोर आला की त्याचं कोकरू व्हायचं. हरायचा, आडावर तोंड धुवायचा, लांबून बहिणीकडं बघायचा आणि गाडीत बसायचा. शिवकांताला नवऱ्याचा राग यायचा. भावाची तर कीवही यायची नाही.

सामन्याच्या दिवशीही धोंडप्पानं सकाळी मोट हाकली. घरी आला तेव्हा घामाघूम. अंगणात उभं राहून त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, त्यात बांधलेली करडगी काढून कपाळाला लावली. अंघोळ झाली, पूजा झाली. मग चिंच लावून चांदी घासत बसला. आरशात मिश्या बघाव्यात तशी ती उन्हात धरून बघितली.

"शिवदारा जुना झालाय," शिवकांता म्हणाली. "तुटाय आलाय. नव्यात ओवून देते."

"असू दे. जुनाच बरा."

तिनं त्या दोऱ्याकडं पाहिलं. दोन ठिकाणी सुताची नुसती लव राहिली होती. मग नवऱ्याकडं पाहिलं. तो मिशीला पीळ देत होता.

"तुटला म्हंजे?"

"कोण तोडतोय?" तो म्हणाला आणि हसला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्या हसण्याची शिवकांताला आज पहिल्यांदा शिसारी आली.

महादेवाच्या देवळापुढच्या खळ्यावर सामना होता. बाया देवळाच्या ओट्यावर बसल्या. पहिला डाव बिरदेवाच्या जिवावर जळकोटनं घेतला, दुसरा वीरप्पाच्या जिवावर तामलवाडीनं. तिसऱ्या डावात बिरदेव तिघांना मारून आला, पुढच्या चढाईत वीरप्पानं त्याला उचलून आपटलं. ते फुटलेलं ढोपर पुन्हा फुटलं. बिरदेव लंगडत बाहेर गेला, जाताना वीरप्पाच्या पाठीवर थाप मारून गेला. खळ्यावर एवढीच एक गोष्ट बघण्याजोगी होती.

जळकोटचा उरला एकटा धोंडप्पा. तामलवाडीचे चौघं. धोंडप्पानं वाकून रेघेची माती कपाळाला लावली, करडगी छातीवर पुढं घेतली आणि हुतूतू म्हणत आत शिरला.

वीरप्पा मागून आला. दोन्ही हातांनी कंबरेला मिठी घालून त्यानं दाजीला अधांतरी उचललं. धोंडप्पाचे पाय हवेत माती शोधत होते. हुतूतू बारीक होत चाललं, आटत्या झऱ्यासारखं. शिवकांतानं पदर दातात धरला. धर, ती मनात म्हणाली, एकदा तरी धर, माझ्यासाठी न्हाय तर अम्मासाठी धर.

"देव सांभाळ, वीरप्पा," धोंडप्पा म्हणाला.

वीरप्पाचे हात विस्तवाला लागल्यासारखे सुटले. बाकी तिघं हात पाठीमागं बांधून उभे राहिले, जणू फोटोला. धोंडप्पानं धाप घेतली, सवडीनं पुन्हा हुतूतू सुरू केलं, एकेकाला टपली मारली, मेव्हण्याला सगळ्यात शेवटी, आणि चालत रेघ ओलांडली.

शरणबसप्पा मास्तरांनी आभाळ बघून घेतलं. ढग नव्हताच. त्यांनी शिट्टी वाजवून हात जळकोटकडं केला. हलगी कडाडली. कुणीतरी झेंडूचा हार आणला. तामलवाडीचे गडी धोतरांची माती झटकत होते. जळकोटची माणसं ओरडत होती, पण एकमेकांच्या तोंडाकडं न बघता. बिरदेव ढोपर धरून खाली बसला होता आणि त्यानं त्यांच्या ओरडण्यात आपला आवाज एकदाही मिळवला नाही.

धोंडप्पा हार घालून ओट्यापाशी आला. वीरप्पा आडाकडं निघाला होता, त्याला ऐकू जाईल असा म्हणाला, "पुढच्या साली या, पाव्हणं. बहीण हायच की इथं. कुठं पळून जात न्हाय."

चार माणसं हसली. वीरप्पानं लांबून बहिणीकडं पाहिलं, नेहमीसारखं, आणि मान फिरवली.

शिवकांता उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. ओट्याची पायरी उतरून खळ्यात आली तसं हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. कुणाची बायको ह्या रेघेपाशी आजवर आली नव्हती. धोंडप्पाला वाटलं, ओवाळायला आली. त्यानं छाती पुढं केली.

ती त्याच्याकडं बघतच नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "आभाळ झालं आसंल बघून, तर जरा हिकडं बघा. जळकोटच्या गड्याचा दम मघाशी अधांतरीच सुटला. आन् देव सांभाळायचाच आसता, तर घरनंच रुमालात बांधून आले आसते. मोटंवर रोज बांधत्यात तसा."