उजवीकडे कलून बसा

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी खुर्ची आहे. माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड आहे. तो झिजलेला नाही, मुद्दाम कापलेला आहे.

ज्यांनी तो कापून घेतला, त्या माझ्या बाई गुप्तहेर होत्या. रस्त्यांवर घोडागाड्या धावत असत, तो काळ. बाईमाणसाने असला धंदा करावा, हे लोकांच्या पचनी पडत नसे. सुतारही कुरकुरला, "धड खुर्ची लंगडी करून मागणारं गिऱ्हाईक तुम्हीच."

"नवखा माणूस हिच्यावर बसला की दचकेल," बाई म्हणाल्या. "दचकला की खरा चेहरा दिसतो. मला तेवढं पुरतं."

मला स्वतःला डोळे नाहीत. मी माणसे वजनावरून ओळखते. मोठमोठे वकील, व्यापारी माझ्यावर दचकले. पण ऑफिसात केरवारे करणाऱ्या मावशींना ते बघवत नसे. बाईंची पाठ वळली की त्या पाहुण्याला हळूच सांगत, "उजवीकडे कलून बसा हो, डावा पाय लंगडा आहे तिचा."

"मावशी, तुम्ही माझा धंदा बसवणार," बाई रागावत.

"मी माणसांना नीट बसवते, एवढंच," मावशी म्हणत.

एकदा एका रखवालदाराची बायको आली. बसताना दचकली आणि रडता रडता हसली. तिचा नवरा काड्यापेट्यांच्या कारखान्यात होता. तिथे आग लागली आणि आत काम करणाऱ्या मुली जिवानिशी गेल्या, कारण दाराला बाहेरून कुलूप होते. ते रखवालदारानेच लावले असे ठरून तो फासावर जाणार होता.

"ते म्हणतात, मी त्या दाराला हातही लावला नाही," ती म्हणाली. "बाई, तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

बाईंनी राख उपसली. काळे पडलेले कुलूप सापडले. ते कुणी विकत नेले हे कुलूपवाला सांगू शकेल, म्हणून बाईंनी ते कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्याला आणायला गेल्या.

तेवढ्यात एक जडसा माणूस आला. बसला, दचकला. मावशींनी नेहमीसारखे हळूच सांगितले, तसा तो सावरून बसला. मग त्याने पाणी मागितले. मावशी वळल्या आणि कपाटाची कडी वाजली.

"अहो, बाईंच्या कपाटाला हात नाही लावायचा," एवढेच मावशी म्हणाल्या. मग काहीतरी जोरात आदळले. मावशींची बोटे माझ्या आखूड पायाशी येऊन थांबली. हळूहळू गार होत गेली.

मावशी गेल्या. कुलूप गेले. रखवालदाराची आशाही गेली.

मग एके दिवशी बाईंचे थोरले भाऊ आले. ते त्याच कारखान्यात मुनीम होते. बहिणीच्या ऑफिसची पायरी चढणार नाही, अशी त्यांची शपथ होती.

"शेवटी यावं लागलं बघ," ते म्हणाले. "पुरे झालं हे. घरी चल."

"बस, दादा."

ते बसले. उजवीकडे कलून, अलगद.

मित्रांनो, माझे लाकूड गोठले. तेच वजन होते.

बाईंनी विचारले, "पहिल्यांदाच आलास ना?"

"पहिलं आणि शेवटचं."

"मग दचकला का नाहीस?"

"त्यात दचकायचं काय? म्हातारीनंच सांगि..."

शब्द तिथेच तुटला. त्यांची बोटे माझ्या हातांत रुतली.

"मुली काम टाकून बाहेर पळायच्या," ते शेवटी पुटपुटले. "म्हणून लावलं कुलूप. आग लागेल असं कुणाला वाटलं होतं? अगं, भाऊ आहे मी तुझा."

"भाऊ म्हणूनच तुला त्या रात्री घरी जेवताना कुलपाचं सांगितलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीतून पोलिसाला हाक मारली.

दादांना नेल्यावर बाई माझ्यावर बसल्या, पण कलायचे विसरल्या. मी लंगडले. माझ्या बाई दचकल्या, मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच. मग माझे दोन्ही हात घट्ट धरून खूप रडल्या.

रखवालदार सुटून घरी गेला. बाईही आता नाहीत. मी अडगळीत पडून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे सांगायला मी कोण? पण "जपून बस रे" असे हळूच सांगणारे कुणी तुमच्या घरात असेल, तर त्या माणसाला आधी जपा. देव त्यांना तुमच्यासाठी सुखरूप ठेवो. कधीमधी माझ्यावर बसणाऱ्याला आता सांगायला कुणी नाही. प्रत्येक जण दचकूनच बसतो.